लॅम्डा डीएनए छेदन किट: एन्झाइम उत्तम, पुस्तिका अपुरी

बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिकांसाठी घेतलेल्या या किटमध्ये लॅम्डा या जीवाणुभक्षी विषाणूचा डीएनए, 'इको-आर-वन' व 'हिंड-थ्री' हे रिस्ट्रिक्शन एन्झाइम (डीएनए ठराविक क्रमावर कापणारी प्रथिने), त्यांचे बफर, अ‍ॅगरोज (याच्या जेलमध्ये डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे होऊन पट्ट्यांच्या रूपात दिसतात), लोडिंग डाय आणि एक माहितीपुस्तिका मिळते. एन्झाइमच्या दर्जाबद्दल तक्रार नाही. ३७ अंश सेल्सिअसला तासाभरात ४८,५०२ बेसजोड्यांचा (डीएनएची लांबी मोजण्याचे एकक) डीएनए पूर्ण कापला जातो.

'हिंड-थ्री'मुळे आठ तुकडे पडतात खरे, पण ५६४ बेसजोड्यांचा पट्टा जेमतेम दिसतो आणि १२५ चा तर दिसतच नाही. शिवाय लॅम्डाची दोन्ही टोके एकमेकांना चिकटत असल्यामुळे जेलमध्ये भरण्यापूर्वी नमुना ६५ अंशांना काही मिनिटे तापवावा लागतो, नाहीतर ४,३६१ चा तुकडा २३,१३० च्या तुकड्याला धरून वरच राहतो आणि त्याचा पट्टा फिका पडतो. पुस्तिकेत यातले काहीच नसल्याने विद्यार्थी उगाच आपल्या पिपेटिंगला दोष देत बसतात.

माझा मुख्य आक्षेप मात्र वेगळा आहे. हे एन्झाइम म्हणजे जीवाणूंनी विषाणूंविरुद्ध उभारलेली संरक्षणव्यवस्था, याचा पुस्तिकेत उल्लेखही नाही. 'इको-आर-वन' बनवणारा ई. कोलाय हा जीवाणू आपल्या डीएनएतील जीएएटीटीसी या बेसच्या क्रमावर मिथिल हा छोटा रासायनिक गट बसवतो, म्हणून त्याचा स्वतःचा डीएनए शाबूत राहतो आणि बाहेरून शिरलेला कापला जातो. क्वचित एखाद्या विषाणूच्या डीएनएवर कापले जाण्याआधीच मिथिल बसते. मग त्याची त्या पेशीत तयार झालेली प्रजा तशाच जीवाणूंमध्ये बिनदिक्कत शिरते. टी७ या जीवाणुभक्षी विषाणूच्या डीएनएत 'इको-आर-वन'ला कापण्याजोगी जागाच नाही, आणि 'टाइप-वन' या वेगळ्या गटातील रिस्ट्रिक्शन एन्झाइमना तो डीएनएसारखे रूप घेतलेल्या ओसीआर या प्रथिनाने अडवून धरतो. टी४ या जीवाणुभक्षी विषाणूची तऱ्हा आणखी पुढची: तो सायटोसिन या बेसऐवजी हायड्रॉक्सिमिथिलसायटोसिन वापरतो आणि त्यावर ग्लुकोज चढवतो, त्यामुळे किटमधले दोन्ही एन्झाइम त्याच्यापुढे निष्प्रभ ठरतात.

उत्पादकाने टी४ डीएनएची एक छोटी नळी सोबत दिली असती, तर लॅम्डाचे तुकडे पडत असताना जेलच्या शेजारच्या वेलमधला (नमुना भरायच्या खाचेतला) टी४ अखंड राहिलेला विद्यार्थ्यांना पाहता आला असता. तूर्त किट घ्यायला हरकत नाही, मात्र टी४ डीएनए वेगळा मागवावा.