शिंपले वेचायला पुळण बरी की खडपं?

समुद्राजवळ राहणाऱ्यांना बऱ्याचदा दोन्ही किनारे हाताशी असतात, एक वाळूचा, म्हणजे पुळण, आणि थोडं पुढे खडकांचा, म्हणजे खडपं. सकाळ एकच मोकळी असेल तर जायचं कुठे? शिंपले घरी आणायचे असतील तर पुळणीवर जा. ते ज्यांचे, त्या जिवांना जिवंत बघायचं असेल तर खडपांवर. मला स्वतःला खडपांची ओढ जास्त, पण पिशवी मी पुळणीवर जातानाच सोबत घेते.

पुळणीवर सापडतं ते बहुतेक रिकामं असतं. वाळूत पुरून राहणारे जीव मेले की लाटा त्यांची कवचं वर आणून टाकतात. ती पाण्याच्या कडेला शोधू नका. वाळलेलं शेवाळ आणि काटक्या जिथे ओळीने पडलेल्या दिसतात, त्या भरतीच्या रेघेने चालत जा. उधाणानंतरची किंवा वादळानंतरची सकाळ सगळ्यात चांगली. एखाद्या शिंपल्याला बिजागरीजवळ नेमकं गोल भोक दिसेल, कडा आतल्या बाजूला उतरत गेलेली. हे शिकारी गोगलगायीचं काम. ती शिंपल्याला पायाने कवटाळते, आम्लाने कवच मऊ करते, कानशीसारख्या जिभेने खरवडते आणि मग आतलं मांस खाते. एका भोकाला तिचे कित्येक तास जातात. मुलं असे शिंपले दोऱ्यात ओवतात, तेव्हा त्यांना ही गोष्ट जरूर सांगा.

खडपांवर मात्र जवळपास प्रत्येक शंखात कुणीतरी राहत असतं. टोपीच्या आकाराची खडकाला चिकटलेली गोगलगाय भरतीच्या पाण्यात शेवाळ खरवडत फिरते आणि परत आपल्या ठरलेल्या जागी येऊन बसते. तिच्या कवचाची कड त्या जागेच्या खाचाखोचांना जुळेल अशीच वाढलेली असते. तिला उपटून काढलं तर तिचं घरच मोडतं. डबक्यातल्या समुद्रफुलावर, म्हणजे फुलासारख्या दिसणाऱ्या प्राण्यावर, सावली पडली तरी कधीकधी ते मिटतं. इथे पिशवी नको. गुडघे टेकून एकाच डबक्यापाशी अर्धा तास बसायची तयारी हवी.

माझ्याकडून एकदा चूक झाली. खडपांवरून एक सुरेख निमुळता शंख रिकामा समजून खिशात टाकला. दुसऱ्या दिवशी त्याला वास येऊ लागला, तेव्हा कळलं की आत खोलवर शंखात राहणारा खेकडा होता. त्याचं पोट मऊ असतं, म्हणून तो दुसऱ्याच्या शंखात आसरा घेतो. ते अजूनही मनाला लागून आहे. आता कुठलाही शंख उचलला की आधी डबक्यात ठेवते आणि पाच-दहा मिनिटं बघत बसते. पाय बाहेर आले की तो तिथेच राहतो.

वेळेच्या बाबतीत पुळण फारशी अडवत नाही, खडपं अडवतात. बहुतेक किनाऱ्यांवर ओहोटी दिवसातून दोनदा येते आणि रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी सगळ्यात लांब हटतं, खडपं बघायची तर तेव्हा. ओहोटी पूर्ण व्हायच्या तासभर आधी पोहोचा, पाणी फिरलं की निघा. पाठ समुद्राकडे करू नका. शेवाळावर पाय सरकतो आणि कालवांच्या कडांनी तळवे कापतात, म्हणून घट्ट बूट घाला. उष्ण प्रदेशातल्या समुद्रांत शंकूच्या आकाराचे जिवंत शंख दिसले तर, पुळणीवर असोत की खडपांवर, त्यांना हात लावू नका. त्यांतल्या काहींच्या दंशाने माणसं दगावली आहेत.

पुळणीवर रिकामे शिंपले मिळतात म्हणून पिशवी भरून आणावेत असं नाही. स्पेनमधल्या एका किनाऱ्यावर १९७८ ते १९८१ आणि २००८ ते २०१० अशा दोन काळांत शिंपले मोजले गेले. मधल्या काळात पर्यटक जवळपास तिपटीने वाढले आणि शिंपले जवळपास तितक्याच पटीने घटले. मी एका फेरीत ओंजळभर घेते. संरक्षित किनाऱ्यावर एकही नाही. घरी गोड्या पाण्यात भिजवून जुन्या टूथब्रशने घासते. व्हिनेगर वापरू नका, त्यात कवचाचा चुना विरघळतो.

लहान मुलं बरोबर असतील तर आधी पुळणच बरी. त्यांना एका जागी शांत बसता येऊ लागलं की पौर्णिमेची ओहोटी गाठून खडपांवर न्या.