भद्रकालीतली गुळवेल: कांडी घ्या, सत्त्व राहू द्या

नाशकात भद्रकाली भागातल्या एका जुन्या काष्ठौषधी दुकानात गुळवेल तीन रूपांत मिळते: ओली कांडी, वाळलेले तुकडे आणि सत्त्व. ओली कांडी मागितल्याशिवाय निघत नाही, मागे गोणपाटात गुंडाळलेली असते. तीच घ्यावी. गुळवेल कायम ओलीच वापरावी असं शार्ङ्गधर संहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथातही सांगितलं आहे.

कांडी अंगठ्याएवढी जाड होती. वरचा कागदासारखा पापुद्रा नखाने निघाला आणि आत हिरवं दिसलं. आडवी कापल्यावर चाकाच्या आऱ्यांसारख्या रेषा दिसल्या. अंगभर चामखिळीसारखे उंचवटे असतील आणि कापल्यावर पांढरट चीक आला, तर ती तिची बहीण, टिनोस्पोरा क्रिस्पा. ती घेऊ नका. 2022 मध्ये आयुष मंत्रालयानेही या दोघींतला फरक समजावून सांगितला होता.

काढ्यासाठी 25 ग्रॅम कांडी ठेचून 400 मिली पाण्यात, झाकण न ठेवता, मंद आचेवर 100 मिली उरेपर्यंत आटवायची. आच मोठी केली की पाणी लवकर उडतं, पण कडू रस कांडीतच राहतो. ठेचायचा कंटाळा करून नुसते काप टाकले तरी तेच. काढा त्याच दिवशी संपवायचा. जुनाट, रेंगाळलेल्या तापात वैद्य तो देतात.

वाळलेले तुकडे ठीकठाक. मोडताना कट्‌कन आवाज आला पाहिजे. वाकले तर ओल राहिली आहे, बुरशी धरणार. पावसाळ्यात तर घेऊच नयेत.

सत्त्वावर मात्र विश्वास बसला नाही. ठेचलेली कांडी रात्रभर भिजवून, गाळून, तळाशी बसलेला साका (स्टार्च) वाळवला की सत्त्व होतं. किलोभर ओल्या कांडीतून जेमतेम काही तोळे हाती येतं. इथला भाव इतका कमी की हे गणित जमत नाही, दुसरा स्टार्च मिसळल्याचा संशय येतो. चव घेऊन निवाडा होत नाही, कारण कडूपणा निथळलेल्या पाण्याबरोबर निघून जातो. स्टार्च ओळखायचं आयोडीनही उपयोगाचं नाही: मक्याचा स्टार्च असो की गुळवेलीचा, दोन्ही निळेच होतात.

दुकानदार कांडी निवडून देतो, घाई करत नाही. पण मधुमेहाची गोळी चालू आहे का, हे विचारत नाही. गुळवेलीने साखर आणखी उतरू शकते. यकृताचा त्रास किंवा आमवातासारखा स्वयंप्रतिरोधक (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते असा) आजार असेल, किंवा गरोदर असाल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

कांडीला पाचपैकी चार, सत्त्वाला एक.