मराठी कादंबरी वाचायला घ्यायची, तर सुरुवात कुठून?

"मराठीत काहीतरी चांगलं वाचायचंय, सुचवा ना," असं कुणी म्हटलं की चार नावं ठरलेली असतात. मृत्युंजय, ययाति, स्वामी, श्रीमान योगी. मी डोंबिवलीतल्या एका वाचनालयात देवघेवीच्या काउंटरवर बसते आणि ही नावं रोज ऐकते. चारही पुस्तकं मोठी आहेत, त्याबद्दल वादच नाही. पण शाळा सुटल्यापासून मराठी पुस्तक हातात न घेतलेल्या माणसाला पहिल्याच फेरीत 'मृत्युंजय' देणं मला पटत नाही. महिन्याभराने पुस्तक परत येतं, तिकिटाची खूण शंभराव्या पानाच्या अलीकडेच कुठेतरी अडकलेली असते आणि "वेळच मिळत नाही हो" म्हणत माणूस अनामत परत मागतो. वेळ मिळत नाही हेही खरंच असतं. सकाळची फास्ट लोकल, एका हाताने वरची कडी धरलेली. दुसऱ्या हाताने सातशे पानांचं बाइंडिंग कसं पेलायचं?

म्हणून मी आधी दोन गोष्टी विचारते. तुम्ही रात्री जागून शेवटचं काय पाहिलंत किंवा वाचलंत? आणि वाचता कुठे, घरी की गाडीत? यावरून पुस्तक ठरतं. मराठीत सगळं ऐतिहासिक आणि पौराणिकच आहे, बाकी काही नाही, हा समज तर मला रोज खोडावा लागतो. भय, रहस्य, विज्ञान, राजकारण, कॉलेज, प्रेम, सगळं आहे. ते खालच्या फळीवर असतं आणि खाली वाकून कुणी बघत नाही, इतकंच.

कुणी म्हणालं, "मी इंग्रजी वाचते, युद्धाच्या काळातल्या कादंबऱ्या आवडतात," की मी विश्राम बेडेकरांची 'रणांगण' काढून देते. १९३९ सालचं पुस्तक, अगदी बारीक, पर्समध्ये मावेल असं. युरोपातून पूर्वेकडे निघालेली बोट. बोटीवर जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू आणि हिंदुस्थानात परतणारे काही लोक. त्यांच्यातला एक चक्रधर विध्वंस. आधीच्या प्रेमात पोळलेला, बायकांवरचा विश्वास उडालेला. आणि हॅर्टा, जर्मनीतली ज्यू मुलगी, जिला आता मायदेश उरलेला नाही. मुंबई आली की तो उतरणार, तिला बोटीबरोबर पुढे जायचं. एवढंच कथानक. पण बेडेकर ज्या तऱ्हेने ते सांगतात, त्याला मराठीत जोड नाही असं माझं मत आहे. वाक्यं तोकडी, कुठे गहिवर नाही, कुणी कुणाला समजावून सांगत बसत नाही. चक्रधर मला आवडत नाही, तो कुणालाच फारसा आवडत नाही, तरी त्याच्या डोक्यातून आपल्याला बाहेर पडता येत नाही. जग पेटायला आलेलं असताना लिहिलेलं पुस्तक आज निर्वासितांच्या बातम्या वाचून झाल्यावर हातात घेतलं, तर एक ओळही जुनी वाटत नाही. एकच सूचना करते. शेवटची पानं गाडीत वाचू नका. घरी, सगळी निजल्यावर वाचा.

दुसरं माझं हक्काचं पुस्तक 'बनगरवाडी'. व्यंकटेश माडगूळकरांचं, १९५५ चं. पुष्कळांना त्यातला उतारा पाठ्यपुस्तकातला म्हणून अंधुक आठवतो आणि म्हणूनच ते पुस्तक 'वाचलंय' या खात्यात जातं. ते परत तिथून काढा. नोकरी लागलेला एक पोरसवदा मास्तर माणदेशातल्या धनगरांच्या वाडीत शाळा चालवायला जातो. माणसं मेंढरांमागे, पोरं मेंढरांमागे, शाळेला कुलूप. हळूहळू मास्तर वाडीचा होतो. पत्र लिहायला मास्तर, भांडण मिटवायला मास्तर. यात शेकूची गोष्ट आहे. पेरणी आली आणि औताला एकच बैल. दुसरा मिळत नाही, तेव्हा जुवाच्या दुसऱ्या बाजूला शेकूची बायको उभी राहते. माडगूळकर हे सांगताना आवाज जराही चढवत नाहीत. मेंढराच्या अंगाचा वास, कारभाऱ्याचं बोलणं, आनंदा रामोशाचा उघड चोरपणा, सगळं एकाच शांत सुरात. मग पाऊस पळतो, आणि शेवटाकडे वाडीचं जे होतं ते वाचताना आपण किती गुंतलो होतो ते कळतं. अमोल पालेकरांनी १९९५ साली त्यावर चित्रपट केला, तोही चांगला आहे. पण पुस्तक आधी.

ज्यांना गावाकडचं वाचायचंय आणि जरा जड चालणार आहे, त्यांना उद्धव शेळक्यांची 'धग'. १९६० ची. कौतिक नावाची बाई, शिंप्याचं घर, नवरा महादेव कर्तृत्वाला कमी, आणि संसार ओढत नेण्याची तिची जिद्द. अस्सल वऱ्हाडी बोली आहे. मुंबई-पुण्याचे वाचक पहिल्या वीस पानांत तक्रार करतात की भाषा कळत नाही. मी त्यांना सांगते, मोठ्याने वाचा. दोन दिवसांत बोली कानाला लागते, आणि मग कौतिक घरातल्या माणसासारखी बोलायला लागते. शेवट फार कठोर आहे. उगाच दिलासा शेळके देत नाहीत, आणि मला ते बरोबर वाटतं. याच वळणाची पण थोडी सौम्य हवी असेल, तर आनंद यादवांची 'गोतावळा'. मळ्यावर राबणारा नारबा आणि त्याची जनावरं, आणि मग मालक ट्रॅक्टर आणतो. बैलांच्या विक्रीची पानं वाचताना एका आजोबांनी पुस्तक दोन दिवस मिटून ठेवलं होतं, त्यांनीच मला सांगितलं.

आता तरुण मुलं. बहुतेकांनी 'दुनियादारी' चित्रपट पाहिलेला असतो, २०१३ चा. सुहास शिरवळकरांची मूळ कादंबरी त्याच्या जवळपास तीस वर्षं आधीची. गाणी-संवाद डोक्यात घेऊन आलेली मुलं पुस्तकाने आधी चक्रावतात आणि मग त्यालाच चिकटतात, कारण पुस्तकातला कट्टा जास्त रखरखीत आहे. शिरवळकर साहित्यिक म्हणून कुणी फार गौरवले नाहीत, पण पान उलटायला लावायची त्यांची हातोटी अस्सल होती. त्यांच्या रहस्यकथांमधला वकील अमर विश्वास आवडला, की तो वाचक वर्षभर आमच्याकडे टिकतो.

शाळेतल्या वयाबद्दल मात्र माझी पहिली पसंती मिलिंद बोकिलांची 'शाळा'. आणीबाणीचा काळ, नववीचा वर्ग, मुकुंद जोशी आणि त्याला आवडणारी शिरोडकर. अर्धवट बांधलेल्या इमारतीत बसून गप्पा मारणारी चार पोरं. बोकील त्या वयाची भाषा इतकी जशीच्या तशी पकडतात की आई-वडिलांनी वाचली तर आपल्या मुलाच्या डोक्यात काय चाललं असेल ते समजावं. बाहेर देशात काय चाललंय ते घरातल्या मोठ्यांच्या बोलण्यातून, विशेषतः नरूमामाच्या, झिरपत राहतं, आणि मुकुंद मात्र शिरोडकर क्लासला कुठल्या वाटेने जाते याच चिंतेत. आठवीपासून पुढच्या कुठल्याही मुलाला द्या. मुलींनाही द्या, त्या वेगळी वाचतात आणि शिरोडकरच्या बाजूने भांडतात.

भीतीच्या गोष्टींसाठी नारायण धारपांना पर्याय नाही. 'लुचाई' घ्या. ती स्टीफन किंगच्या कादंबरीवर बेतलेली आहे हे जाणकारांना माहीत असतं आणि काही जण त्यावरून नाक मुरडतात. मी मुरडत नाही. धारपांनी ती भीती आपल्याकडच्या गावात, आपल्याकडच्या वाड्यात, तिन्हीसांजेच्या वेळेत अशी बसवली आहे की परकं काही उरत नाही. त्यांची वाक्यं साधी असतात आणि तपशील घरगुती असतो. जिना, कडी, कोनाडा. म्हणूनच रात्री पाणी प्यायला उठावंसं वाटत नाही. 'समर्थ' मालिका नंतर घ्या, ती भीतीपेक्षा दिलासा देणारी आहे, कारण कुणीतरी पाठीशी आहे हे आधीच ठाऊक असतं.

विज्ञानकथेचे वाचक थोडे, पण पक्के. जयंत नारळीकर २०२५ च्या मे महिन्यात गेले, त्यानंतर त्यांची पुस्तकं मागणारे पुन्हा वाढले. त्यांना मी 'वामन परत न आला' देते. जमिनीखाली खोदताना एक पेटी सापडते, कुठल्यातरी लुप्त झालेल्या प्रगत संस्कृतीने पुरलेली. आत ज्ञानाचा साठा आणि त्यातून घडतो तो वामन नावाचा यंत्रमानव. आज जो तो बुद्धिमान यंत्रांबद्दल बोलतो. १९८० च्या दशकात लिहिलेल्या या पुस्तकात तो प्रश्न आधीच विचारून ठेवलेला आहे: आपल्यापेक्षा हुशार झालेल्या यंत्राला ताब्यात कोण ठेवणार? पात्रं जरा सरळसोट आहेत, बायका तर फारच पुसट, हे मान्य. पण कल्पना मात्र बावनकशी.

राजकारणाची आवड असणाऱ्यांना अरुण साधू. १९७९ चा 'सिंहासन' चित्रपट सगळ्यांना ठाऊक, पण तो 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्यांवर मिळून केलेला आहे हे पुष्कळांना माहीत नसतं. 'मुंबई दिनांक' आधी वाचा. साधू स्वतः पत्रकार, त्यामुळे मंत्रालय, संपाचं राजकारण, वार्ताहरांच्या खोल्या, यांत कुठे ऐकीव माहितीचा वास नाही. मुख्यमंत्री बदलण्याच्या हालचाली कशा चालतात हे वाचून परवाच एक गृहस्थ म्हणाले, "ताई, हे कालच्या पेपरातलं आहे."

बायकांसाठी म्हणून वेगळी फळी असू नये असं मला वाटतं, पण गौरी देशपांडे यांच्याबद्दल मला विचारणाऱ्या बहुतेक बायकाच असतात. 'एकेक पान गळावया' मध्ये तीन दीर्घकथा आहेत, म्हणजे एका बैठकीत एक होते. लग्न, मुलं, प्रेम, एकटेपणा यांबद्दल इतकं मोकळं आणि इतकं न रडता लिहिलेलं मराठीत आधी फार थोडं होतं. पुरुषांनी जरूर न्यावं. कविता महाजनांची 'ब्र' जास्त खडबडीत आहे. संसारातून बाहेर पडावं लागलेली प्रफुल्ला एका संस्थेत काम करू लागते आणि आदिवासी भागातल्या महिला सरपंचांना भेटत फिरते. रचना विस्कळीत आहे, मधली काही पानं अहवालासारखी होतात. तरीही त्या सरपंच बायकांचं बोलणं ऐकायला पुस्तक घ्याच, ग्रामपंचायत नावाची गोष्ट आत कशी चालते ते दुसरीकडे असं वाचायला मिळत नाही.

ज्यांना लढाई, घोडे, पराक्रम हवेत आणि त्यासाठी जे आपोआप पेशवाईकडे वळतात, त्यांना मी अण्णा भाऊ साठ्यांची 'फकिरा' आग्रहाने देते. १९५९ ची, बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केलेली. वारणेच्या खोऱ्यातलं गाव, गावाला जत्रेचा मान मिळावा म्हणून देवीची जोगणी आणायला गेलेला राणोजी, आणि मग त्याचा मुलगा फकिरा, जो दुष्काळात उपाशी माणसांसाठी धान्य लुटतो. पहिलं प्रकरण वाचून ज्याने पुस्तक खाली ठेवलं असा वाचक मला अजून भेटलेला नाही. आमच्याकडची प्रत इतक्या वेळा बाइंडिंगला गेली आहे की आतल्या समासातली अक्षरं शिवणीत गेली. नवी प्रत मागवलीय.

धरणांबद्दल दोन कादंबऱ्या जोडीने वाचाव्यात. विश्वास पाटलांची 'झाडाझडती', १९९२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली, उठवल्या गेलेल्या गावाची फरफट सांगणारी. आणि कृष्णात खोतांची 'रिंगाण', तिला २०२३ चा. पहिलीत कचेऱ्या, मोर्चे, सगळा पसारा. दुसरीत एक माणूस मागे सोडलेल्या म्हशीला आणायला उठून गेलेल्या गावात परततो. पाटील वाचून राग येतो. खोत वाचून बोलवत नाही.

एवढं पचलं की मग जाड पुस्तकं. 'मृत्युंजय' आता घ्या. ते नऊ भागांत आहे आणि कर्णाबरोबर कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि कृष्णही बोलतात, तेव्हा एक भाग म्हणजे एक पुस्तक असं धरून मध्ये थांबलात तरी चालतं. 'ययाति' मला आज थोडी संथ वाटते, खांडेकरांच्या उपमा थांबत नाहीत, पण शर्मिष्ठेच्या तोंडची पानं अजूनही तितकीच चांगली आहेत. आणि माझी स्वतःची आवडती जाड कादंबरी म्हणजे श्री. ना. पेंडसे यांची 'तुंबाडचे खोत', १९८७ ची. जगबुडी नदीकाठचं गाव, खोतांच्या पिढ्या, त्यांचा माज, त्यांची माया आणि उतरती कळा. त्याच नावाशी मिळत्याजुळत्या भयपटामुळे कुणी खजिना आणि राक्षस शोधत येतं, तसलं यात काही नाही. माणसंच आहेत, पण एकेक अशी की महिना-महिना डोक्यातून जात नाहीत. मे महिन्याच्या सुट्टीत गावी जाताना न्यावी. दोन खंडांत आहे. पहिला घेताना दुसराही फळीवर आहे ना, एवढं काउंटरवर विचारून घ्या आणि दोन्ही एकदमच न्या, पहिला संपल्यावर दुसऱ्यासाठी थांबवत नाही.