कार्ब्युरेटरवाल्या 350 साठी कॅम: 108, 110 की 112?

शेव्रोलेचं 350 घन इंची इंजिन उघडून ठेवलंय, वर होलीचा चार बॅरल कार्ब्युरेटर बसणार आहे आणि कॅमची, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या-मिटणाऱ्या दांड्याची, ऑर्डर द्यायची आहे. लिफ्ट (व्हॉल्व्ह किती उचलला जातो) आणि ड्युरेशन (तो किती अंश उघडा राहतो) ठरवण्यात बराच वेळ जातो. लोब सेपरेशन मात्र बरेच जण आवाज ऐकून ठरवतात. इनटेक आणि एक्झॉस्ट लोबच्या (कॅमवरच्या उंचवट्यांच्या) मध्यांमधला हा कोन, म्हणजे शीर्षकातले 108, 110 किंवा 112 अंश, कॅम घासतानाच कायमचा ठरतो. टायमिंग गिअरवर कॅम पुढे-मागे करता येतो, पण तेव्हा दोन्ही लोब बरोबरच सरकतात आणि त्यांच्यातला कोन तसाच राहतो.

तुलनेसाठी ड्युरेशन सारखं धरू: दोन्ही लोबना कॅटलॉगमधलं 280 अंश. त्यातून सेपरेशनची दुप्पट वजा केली की ओव्हरलॅप निघतो, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असण्याचा काळ. 108 वर तो 64 अंश, 110 वर 60 आणि 112 वर 56. पण 268 अंशांचा कॅम 108 वर घासला तर ओव्हरलॅप 52 च येतो, म्हणजे 280 च्या 112 पेक्षाही कमी. त्यामुळे ‘108 म्हणजे गाडी स्लोला धडधडणार’ हे सरसकट खरं नाही. आधी ओव्हरलॅप काढा, मग मत बनवा.

आता 280 मधलाच 108. चार अंश पुढे बसवला तर इनटेक व्हॉल्व्ह पिस्टन खालच्या टोकावरून गेल्यावर 64 अंशांनी बंद होतो. 112 वाला तितकाच पुढे बसवला तर 68 अंशांनी. लवकर बंद झाल्याने सिलिंडरमध्ये दाब जास्त बनतो. शिवाय हेडर्स (प्रत्येक सिलिंडरला वेगळी नळी असलेले एक्झॉस्ट) चांगले असतील तर बाहेर जाणारा धूर ओव्हरलॅपच्या वेळी ताजं मिश्रण आत ओढून घेतो. मधल्या आरपीएमला गाडी जी उसळी घेते ती इथून येते, आणि 108 चा खरा फायदा तोच. जुने ओतीव मॅनिफोल्ड आणि बारीक पाइप असतील तर मात्र हाच ओव्हरलॅप उलटतो: धूर मागे फिरून इनटेकमध्ये शिरतो. कॉम्प्रेशन आधीच जास्त असेल तर नॉकिंगकडेही लक्ष ठेवावं लागतं.

112 वर स्लो शांत, इनटेकमधला व्हॅक्यूम जास्त, टॉर्क पसरट, आणि कमाल पॉवरच्या पुढेही इंजिन एकदम ढेपाळत नाही. पिस्टन आणि व्हॉल्व्हमध्ये जागाही थोडी जास्त मिळते. नायट्रस किंवा सुपरचार्जर लावायचा असेल तर 112 किंवा त्याहून रुंदच घ्या.

कार्ब्युरेटरचं दुखणं वेगळं आहे. ओव्हरलॅप वाढला की व्हॅक्यूम पडतो आणि स्लो टिकवायला थ्रॉटल जास्त उघडावा लागतो. मग प्रायमरीच्या (आधी उघडणाऱ्या दोन बॅरलच्या) थ्रॉटल पट्टीखाली ट्रान्सफर स्लॉट (स्लोच्या पुढे पेट्रोल देणारी बारीक फट) लांबट दिसू लागतो आणि मिक्श्चर स्क्रू फिरवूनही काही फरक पडत नाही. कार्ब्युरेटर उलटा धरून बघा: स्लॉटचा दिसणारा भाग साधारण चौकोनी हवा. जास्त दिसत असेल तर सेकंडरीच्या पट्ट्या तळाच्या स्क्रूने किंचित उघडून तिथून हवा द्या. पॉवर व्हॉल्व्हही (व्हॅक्यूम ठरावीक इंचांखाली गेला की जादा पेट्रोल देणारा) तपासा. गिअरमध्ये, स्लोवर व्हॅक्यूम गेज 9 इंच दाखवत असेल तर 6.5 चा काढून 4.5 चा लावावा. साधारण निम्मं, हा हिशोब चालतो. ड्युअल प्लेन (दोन वेगळ्या पोकळ्यांचा) इनटेक मॅनिफोल्ड असेल तर अरुंद सेपरेशन बरंच सुसह्य होतं, कारण सगळे सिलिंडर एकाच पोकळीतून ओढत नाहीत.

हे सगळं जुळवता येतं, म्हणून फ्युएल इंजेक्शनवाल्यांचा ‘112 च्या खाली जाऊ नका’ हा सल्ला इथे जसाच्या तसा लावू नये असं मला ठामपणे वाटतं. त्यांच्याकडे हलता व्हॅक्यूम सेन्सरला गोंधळात टाकतो आणि ओव्हरलॅपमधून निसटलेला ऑक्सिजन मिश्रण पातळ असल्याचा खोटा संदेश देतो. कार्ब्युरेटरला सेन्सरच नाही.

इंजिन ट्यूनिंगवर लिहिणारे डेव्हिड व्हिझार्ड यांचा 128 चा ठोकताळा याच प्रकारच्या इंजिनांसाठी आहे. एका सिलिंडरचे घन इंच इनटेक व्हॉल्व्हच्या व्यासाने भागा, 0.91 ने गुणा आणि 128 मधून वजा करा. 350 ला 2.02 इंची व्हॉल्व्ह असेल तर उत्तर 108.3 येतं. तरीही तयार मिळणारे एक्सई 268 एच आणि मॅग्नम 280 एच हे कॉम्प कॅम्सचे दोन्ही लोकप्रिय कॅम 110 वर आहेत, कारण ते घेणाऱ्या कित्येकांच्या गाडीत ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि व्हॅक्यूमवर चालणारे पॉवर ब्रेक असतात. त्यांचीच थंपर मालिका 107 वर आहे आणि तिचं एक्झॉस्ट ड्युरेशन लांब आहे. तो जोर मुख्यतः आवाजासाठी आहे. नुसत्या आवाजासाठी ब्रेकचा व्हॅक्यूम घालवणं मला पटत नाही.

चार गिअरची मॅन्युअल, हेडर्स आणि साधे ब्रेक असतील तर 108 घ्या, बिनधास्त. ऑटोमॅटिक असेल, टॉर्क कन्व्हर्टर (ऑटोमॅटिकमधला क्लचच्या जागचा भाग) मूळचाच ठेवायचा असेल आणि गाडी रोज सिग्नलला थांबणार असेल, तर 110 घ्या आणि ड्युरेशन 268 च्या आसपास ठेवा. पॉवर ब्रेक हवेत आणि 280 पण हवाच असा हट्ट असेल तरच 112. कोणताही घ्या, हेड बसवताना पिस्टन आणि व्हॉल्व्हमधली जागा प्लॅस्टिसिन ठेवून मोजा: इनटेकला किमान 0.080 इंच, एक्झॉस्टला 0.100.