'हू', 'हूम' आणि जादाचा 'ही' : 60 रुपयांच्या झेरॉक्स नोट्स

कोल्हापूरच्या राजारामपुरीत झेरॉक्सच्या दुकानांतून स्पर्धा परीक्षावाल्या पोरांसाठी स्पायरल नोट्सची थप्पी लागलेली असते. त्यातल्याच एका 40 पानी गठ्ठ्याबद्दल हे. वर ना नाव, ना क्लासचा शिक्का. विषय एकच : इंग्रजीतले रिलेटिव्ह क्लॉज, म्हणजे 'हू', 'विच', 'दॅट'नं नामाला जोडलेली उपवाक्यं, आणि त्यातली सर्वनामं.

पहिली दहा पानं खरोखर चांगली आहेत, कारण सुरुवात मराठीतल्या 'जो-तो'पासून केली आहे. 'जो माणूस मिसळ विकतो तो कागलचा आहे' यात 'जो'मागून 'तो' येतोच. त्याच सवयीनं आपण लिहितो, 'द मॅन हू सेल्स मिसळ ही इज फ्रॉम कागल'. इथं 'ही' (he) जादाचा. 'इज'ला कर्ता हवा होता, तो 'द मॅन' आधीच बसलाय. 'द चप्पल्स विच आय बॉट देम' यातही तेच : 'बॉट'चं कर्म म्हणजे 'विच', मग 'देम' कशाला? रश्श्याची वाटी पुन्हा भरून मिळते, कर्माची जागा एकदाच भरते.

तपासायची रीतही सोपी दिली आहे. क्लॉज कंसात टाका आणि बाहेरचं तेवढं वाचा : 'द मॅन ही इज फ्रॉम कागल'. लगेच खटकतं. मग कंसातल्या क्रियापदाला 'कोण?' आणि 'काय?' विचारा, एकाच प्रश्नाला दोन उत्तरं आली की सर्वनाम खोडा.

'हू-हूम'च्या (कर्त्याला 'हू', कर्माला 'हूम') पानांवर मात्र गाडी घसरते. 'आय मेट द क्लार्क हू साइन्ड द फॉर्म' इथं 'मेट' बघून 'हूम' लिहायचं नाही, कारण 'साइन्ड'चा कर्ता 'हू' आहे. निवाडा क्लॉजमधलं क्रियापद करतं. इथवर नोट्स बरोबर. पण पुढच्याच 'द क्लार्क हू आय थिंक साइन्ड द फॉर्म'ला उत्तरसूचीत 'हूम' छापलंय. 'आय थिंक' झाकून वाचलं असतं तर ही चूक झालीच नसती. 'गिव्ह द टोकन टू हूएव्हर कम्स फर्स्ट' हे वाक्य तर घेतलेलंच नाही. तिथं 'टू' बघून हमखास 'हूमेव्हर' लिहिलं जातं, म्हणून ते हवंच होतं.

'हूज' फक्त माणसांना लागतं, हा नियमही चुकीचा. 'अ वाडा हूज रूफ लीक्स' हे शुद्ध इंग्रजी आहे.

सगळ्यात घातक ओळ म्हणजे 'दॅट गाळलं तरी चालतं'. कर्म असेल तरच चालतं : 'द मिसळ आय एट'. कर्ता गाळला की 'द मॅन सेल्स मिसळ इज फ्रॉम कागल' असं दोन क्रियापदांचं भांडण उरतं.

स्वल्पविरामाचं प्रकरण चार पानांचं आणि ठीकठाक. 'माय ब्रदर हू लिव्ह्ज इन कागल' म्हटलं की भाऊ एकाहून जास्त आणि त्यातला कागलचा. 'ब्रदर'नंतर आणि 'कागल'नंतर स्वल्पविराम दिला की भाऊ एकच. असा स्वल्पविराम असेल तिथं 'दॅट' चालत नाही, हेही सांगितलंय. घोळ छपाईचा : झेरॉक्सवरून झेरॉक्स काढल्यानं स्वल्पविराम उडालेत आणि जोडीतली दोन्ही वाक्यं सारखीच दिसतात. घेताना 31 वं पान उघडून बघा. टिंबं पुसट असतील तर मूळ प्रतीवरून काढून मागा.