कुएलाप : ढगांमधला तट आणि दोन तासांची सहल

उत्तर पेरूमधील कुएलाप मी ऑगस्ट 2019 मध्ये पाहिले. चाचापोयास गावातील एका सहल कंपनीकडून एका दिवसाची सहल घेतली होती. पेरूला निघालेले काही परिचित अलीकडे त्या सहलीविषयी विचारू लागले, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. जागा अप्रतिम आहे आणि मार्गदर्शकही उत्तम होता. मात्र ज्या जागेला किमान अर्धा दिवस द्यायला हवा तिला या सहलीत जेमतेम दोन तास मिळाले, आणि माझी मुख्य तक्रार तीच आहे.

कुएलाप हे समुद्रसपाटीपासून सुमारे 3,000 मीटर उंचीवर, उत्कुबांबा नदीच्या खोऱ्यावरील डोंगरधारेवर वसलेले चाचापोया लोकांचे प्राचीन गाव आहे. सहाव्या शतकाच्या आसपास त्याची उभारणी सुरू झाली असे मानले जाते. म्हणजे पंधराव्या शतकातील माचू पिचूपेक्षा ते कित्येक शतकांनी जुने आहे. लिमाहून विमानाने हाएनला उतरून पुढे सुमारे चार तास रस्त्याने गेल्यावर चाचापोयास येते आणि तेथून डोंगराच्या पायथ्याच्या न्युएवो तिंगो गावी पोहोचायला तासभर लागतो. पूर्वी न्युएवो तिंगोपासून वर जाण्यासाठी दीड तासाचा वळणावळणाचा रस्ता किंवा छातीवर येणारी पायवाट एवढेच पर्याय होते. मार्च 2017 मध्ये केबल कार सुरू झाली आणि तेच अंतर वीस मिनिटांवर आले.

या केबल कारविषयी माझे मत चांगले आहे. रायगडाचा रोपवे थेट कडा चढतो. येथील पाळणे मात्र सुमारे चार किलोमीटर अंतर दरीवरून तरंगत पार करतात. खाली मक्याची आणि बटाट्याची उतरती शेते दिसत असतात, आणि मग एका क्षणी पाळणा ढगात शिरतो व काचेपलीकडचे सगळेच नाहीसे होते. ज्यांचे गुडघे साथ देत नाहीत अशा लोकांनाही आता कुएलाप पाहता येते, हे मला फार महत्त्वाचे वाटते. ला माल्का येथे उतरल्यावर सुमारे दोन किलोमीटर फरसबंद वाट चालावी लागते. चढ कठीण नाही, पण विरळ हवेमुळे दम लागतो, तेव्हा सावकाश चालावे. ज्यांना चालणे जमत नाही त्यांच्यासाठी तेथे घोडेही मिळतात.

ढगातून वाट काढत असताना अचानक तट समोर येतो. सुमारे 600 मीटर लांब आणि 110 मीटर रुंद अशा जागेभोवतीची ही भिंत काही ठिकाणी 20 मीटरपर्यंत उंच आहे. चुनखडीचे घडीव चिरे मातीच्या गिलाव्यात बसवून ती रचलेली आहे. तिच्या सांध्यांतून ब्रोमेलिया आणि ऑर्किड उगवलेले आहेत आणि जवळच्या झाडांच्या फांद्यांवरून करड्या-हिरव्या दगडफुलाच्या जटा लोंबत असतात. आपल्या गोडा मसाल्यातल्या दगडफुलाची ही भावंडे इतक्या दूर भेटतील असे मला वाटले नव्हते. मेघवनात पाऊस पडत नसतानाही सगळे ओले असते, कारण झाडे ढगातलेच पाणी पानांवर टिपून घेतात. पंधरा मिनिटांत माझ्या शालीवरही दवासारखे बारीक थेंब जमले होते.

आत जाण्यासाठी तीन वाटा आहेत. गोमुखी दरवाजा पाहिलेला मराठी माणूस येथे वळण शोधतो, पण चाचापोयांची युक्ती वेगळी आहे. दोन उंच भिंतींमधली बोळ वर चढत जाते आणि अरुंद होत होत शेवटी एका वेळी एकच माणूस जाईल एवढीच उरते. त्यामुळे कुएलापला किल्ला म्हटले जाते. आमच्या मार्गदर्शकाने मात्र हे नाव जपून वापरायला सांगितले. आत चारशेहून अधिक गोल घरांचे अवशेष आहेत आणि लोकांची वस्ती व धार्मिक विधी हाच या जागेचा मुख्य उपयोग असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. काही घरांच्या भिंतींवर समभुजाकृती आणि नागमोडी नक्षीचे पट्टे आहेत. जोत्यांमध्ये खाण्यासाठीचे गिनीपिग पाळायला दगडी खाचा ठेवलेल्या दिसतात, आणि ते पाहिल्यावर हे कुणाचे तरी स्वयंपाकघर होते याची खात्री पटते. दक्षिणेकडे खाली निमुळती व वर रुंद होत जाणारी सुमारे साडेपाच मीटर उंचीची एक गोल इमारत आहे. तिला ‘तिंतेरो’ म्हणजे दौत म्हणतात, कारण तिच्या पोटात दौतीसारखा पोकळ भाग आहे.

या मार्गदर्शकाचे मला मनापासून कौतुक करायचे आहे. तो त्याच खोऱ्यातला होता आणि 1843 मध्ये हुआन क्रिसोस्तोमो निएतो या न्यायाधीशाने कुएलाप ‘शोधले’ हे वाक्य तो कधीच तसेच म्हणत नसे. निएतो यांना तेथवर गावकऱ्यांनीच नेले होते, हे तो आवर्जून सांगे. त्याने आम्हाला तटाशी थांबवून पाणी वाहून नेणाऱ्या जुन्या मोऱ्या दाखवल्या. हा तट म्हणजे आतल्या प्रचंड भरावाला धरून ठेवणारा बांध आहे, पाणी आत मुरत राहिले की भिंतीला पोट येते, असे तो म्हणाला आणि अशी एक फुगलेली जागाही त्याने हात न लावता लांबूनच दाखवली. एप्रिल 2022 मध्ये मुसळधार पावसानंतर दक्षिणेकडील तटाचा मोठा भाग कोसळल्याची बातमी वाचली, तेव्हा मला त्याचेच शब्द आठवले आणि फार वाईट वाटले. त्यानंतर कुएलाप वर्षभराहून अधिक काळ बंद राहिले आणि ऑगस्ट 2023 मध्ये अंशतः उघडले. मी पाहिलेले सगळेच आता पाहता येईल असे नाही. कोणता भाग खुला आहे याची निघण्यापूर्वी चौकशी करावी आणि जेथे दोर बांधलेला असेल तेथून निमूटपणे मागे फिरावे.

सहल कंपनीला मात्र मी पाचपैकी तीनच गुण देईन. सकाळी आठला निघायची गाडी इतर हॉटेलांतील प्रवासी गोळा करीत सव्वानऊला निघाली. केबल कारच्या रांगेत आणखी पाऊण तास गेला. आणि दुपारच्या जेवणाची वेळ खाली एका ठरलेल्या खानावळीत आधीच नोंदवलेली असल्यामुळे वर हातात दोन तास उरले. उत्तरेकडील उंच बुरूज आम्ही चालता चालता पाहिला. त्याच वेळी ढग उघडून संपूर्ण खोरे दिसू लागले होते, आणि तेव्हाच मार्गदर्शकाला खेदाने घड्याळ दाखवावे लागले. इंग्रजीत माहिती देण्याचे आश्वासनही पाळले गेले नाही. माझे मोडके स्पॅनिश आणि एका सहप्रवासी बाईंची मदत यांवर काम भागले.

माझा सल्ला असा, की चाचापोयासऐवजी न्युएवो तिंगोत मुक्काम करावा, सकाळच्या पहिल्या पाळण्याने वर जावे आणि मार्गदर्शक स्वतंत्रपणे ठरवावा. जेवण सोबत न्यावे. मे ते सप्टेंबर हे कोरडे महिने त्यातल्या त्यात सोयीचे असतात, तरीही पावसाळी कोट आणि चांगली पकड असलेले बूट हवेतच. दुसरा दिवस हाताशी असेल तर लेयमेबांबाच्या संग्रहालयात जावे. 1997 मध्ये कोंदोरेस सरोवराकाठच्या कड्यातील थडग्यांतून वाचवलेले दोनशेहून अधिक मृतदेह तेथे जपून ठेवले आहेत. कापडात गुंडाळलेल्या आणि गुडघे छातीशी घेऊन बसलेल्या त्या माणसांसमोर मला कुणीही घड्याळ दाखवले नाही, आणि मी तेथे सगळी दुपार थांबले.