सोया की पॅराफिन, सेंटेड कँडल कुठली घ्यायची

जळगाव-भुसावळकडच्या माणसाने कँडल घेताना आधी मे महिना डोळ्यासमोर आणावा. इकडे पारा ४५ च्या वर जातो आणि काचेच्या जारमधलं सोया वॅक्स (सोयाबीन तेलापासून केलेलं मेण) साधारण ४५ ते ५० डिग्रीलाच मऊ पडायला लागतं, म्हणजे नुसती कपाटात ठेवली तरी वरून तेल सुटतं, आणि उन्हाळ्यात कुरिअरने मागवली तर विचारूच नका. कडक पॅराफिन (पेट्रोलियमपासून केलेलं नेहमीचं मेण) त्यामानाने तग धरतं, स्वस्त पडतं, वासही पटकन खोलीभर जातो. भरताची वांगी भाजली असतील तर पॅराफिनच लावा, सोयाचा मंद वास त्या धुरापुढे टिकत नाही (तसा भरताचा वास घालवायचा तरी कशाला!).

पण रोज संध्याकाळी लावायची असेल तर माझं मत सोयाला. हळू जळते, त्यामुळे जास्तीची किंमत बरीचशी वसूल होते. फक्त लेबलवर 'सोया ब्लेंड' असेल तर त्यात पॅराफिनही असू शकतं हे लक्षात ठेवा, आणि जारच्या साईजवर जाऊ नका, काच जाड असते, मेणाचं वजन ग्रॅममध्ये वाचा.

कुठलीही घ्या, पहिल्यांदा लावल्यावर वरचं मेण कडेपर्यंत वितळेस्तोवर विझवायची नाही, नाहीतर मधे खड्डा पडतो आणि कडेचं मेण तसंच वाया जातं. वात दरवेळी ५-६ मिलिमीटर ठेवून कापायची. आणि कूलरसमोर तर अजिबात नको, ज्योत हलते, एकाच बाजूने जळते आणि काच काळी होते.